दोन आजारपणांच्या मधले दिवस

बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातून एका 24 वर्षांच्या आईचं पत्र आलं आहे. मुलगी नऊ महिन्यांची, पहिलीच. दिवाळीनंतर घरातले सगळे ऊसतोडीला गेले तेव्हा ती तीन महिन्यांची होती. डिसेंबरात कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या ठिकाणच्या झोपडीत, तिची छाती भरली आणि कारखान्याच्या गावातल्या दवाखान्यात ती चार दिवस ऑक्सिजनवर होती. जानेवारीअखेर पुन्हा तेच, पुन्हा भरती. मार्चमध्ये गावी परतल्यावर एकदा आणि आता एप्रिलच्या शेवटी एकदा. या दोन्ही वेळा घरीच औषधांनी आणि नेब्युलायझरने भागलं. एक डॉक्टर म्हणाले निमोनिया, दुसरे बालदमा, तिसरे ॲलर्जी. सासू म्हणजे आईची सख्खी आत्याच. ती म्हणते, तुझं दूध थंड पडतं, बंद कर. शेजारीण म्हणते डब्बा (लेकराची छाती भरून धाप लागणं) झालाय, बिब्ब्याचा डाग द्या. नवरा म्हणतो, मुकादमाकडून 50 हजार उचल (आगाऊ मजुरी) घेऊ आणि पुण्याला नेऊन सीटी स्कॅनसकट सगळ्या तपासण्या एकदाच करून टाकू. आईचे प्रश्न तीन: लेकराच्या छातीत नेमकं आहे काय, कोणती तपासणी करावी, आणि मी तोडीला गेले म्हणून हे झालं का?

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि तीन वाक्यांखाली रेघ ओढली. तिन्ही तुम्ही जाता जाता लिहिलेली आहेत. पहिलं: ‘एप्रिलमध्ये वीस-बावीस दिवस ती एकदम चांगली होती, नाकसुद्धा वाहत नव्हतं.’ दुसरं: ‘आत्या बोंडल्याने (चोचीच्या वाटीने) पाणी पाजतात तेव्हा ठसका लागतो, पण तो सगळ्याच लेकरांना लागतो.’ तिसरं: ‘मामांना दोन महिन्यांपासून खोकला आहे, पण तो बिडीचा आहे.’ मामा म्हणजे तुमचे सासरे. कोण डॉक्टर काय म्हणाले, किती बाटल्या औषध झालं, यावर तुम्ही दोन पानं लिहिली आहेत. मला जास्त कामाला आल्या त्या या तीन ओळी.

पत्रावरून आजाराचं नाव सांगता येत नाही आणि सांगूही नये. शोध कुठून सुरू करायचा, ते मात्र सांगता येईल.

आधी पुण्याचं बोलू. उचल घेणं म्हणजे पुढच्या हंगामातली आपली मेहनत आजच विकणं. लेकीसाठी तुमचे मालक त्याला तयार आहेत, म्हणून त्यांच्यावर रागवू नका. पण ‘सगळ्या तपासण्या’ असं काही नसतं. तुरीची चाळणी ज्वारीला चालत नाही. कोणती तपासणी करायची ते लेकराला काय होतंय त्यावर ठरतं, आणि ते ठरायच्या आधीच मशीनखाली नेलं की फाइल जाड होते, उत्तर मिळत नाही. सीटी स्कॅनसाठी नऊ महिन्यांचं लेकरू निपचित पडून राहत नाही, बहुतेक वेळा गुंगी द्यावी लागते. त्यातला किरणांचा मारा साध्या एक्स-रेच्या कित्येक पट असतो. आणि आजारपण नुकतंच होऊन गेलेलं असेल तर त्यात ते ओसरतं आजारपणच दिसतं. ऐंशी पदार्थांची ॲलर्जी सांगणारी जी रक्ततपासणी लॅबवाले सुचवतात, तीही या वयात छातीसाठी कामाची नाही. अहवालात दूध, गहू, शेंगदाणा असं काहीतरी ठळक अक्षरात छापून येतं आणि बिचाऱ्या लेकराचं खाणं तेवढं तुटतं.

आता ‘चार वेळा निमोनिया’. आपल्याकडे छाती वाजली की निमोनिया. मी 30 वर्षं लेकरं तपासतोय, आणि ‘याला पाच वेळा निमोनिया झालाय’ म्हणून आणलेल्या लेकरांपैकी अनेकांना खरा निमोनिया एकदाच झालेला असतो किंवा एकदाही नाही. सर्दीचा विषाणू खाली उतरतो, फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज येते, आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजते. पहिल्या वर्षात हे फार दिसतं. त्याला ब्राँकिओलायटिस म्हणतात, आणि ते सगळ्यात जास्त घडवणारा विषाणू म्हणजे आरएसव्ही. त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. लेकरू पीत असेल आणि ऑक्सिजन नीट असेल तर नाक मोकळं ठेवणं, थोडं थोडं पाजत राहणं आणि लक्ष ठेवणं एवढाच उपचार असतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

इतक्या लहान लेकराला त्याचा एवढा त्रास का, ते सांगतो. श्वासाची नळी 4 मिलिमीटर रुंदीची धरा. तिला आतून सगळीकडे 1 मिलिमीटर सूज आली तर मधे उरतात 2, आणि हवेची वाट चौथ्या हिश्शावर येते. तुमच्या-माझ्या रुंद नळीत तेवढीच सूज आली तर आपण नुसते खाकरतो.

चांगल्या तब्येतीच्या लेकरालाही पहिल्या एक-दोन वर्षांत सहा-आठ वेळा सर्दी होते. एकेका सर्दीचा खोकला दोन-तीन आठवडे चालला तर वर्षातले तीन-चार महिने लेकरू खोकतच असतं, आणि तरी त्याला काहीही झालेलं नसतं. ‘कायमच खोकला’ हे वाक्य मला म्हणून पुरत नाही. मला पाहिजेत दोन आजारपणांच्या मधले दिवस. तेव्हा लेकरू कसं असतं? खोकला पार थांबतो, रात्री शांत झोपतं, खेळतं, वजन चढतं? की एक दुखणं संपायच्या आधीच दुसरं चढतं आणि ओला, घुरघुरणारा खोकला चार आठवडे झाले तरी हलत नाही? मधले दिवस स्वच्छ असतील तर बहुतेक वेळा हे एकामागून एक आलेल्या सर्द्यांचं काम असतं आणि वय वाढलं, नळ्या रुंदावल्या की ते कमी होतं. मधले दिवसच नसतील, तर मग शोधावं लागतं.

तुमच्या लेकीचं चित्र दोन्हींच्या मधे आहे. कोपीवर तिचा एक आठवडा सुखाचा गेला नाही, आणि एप्रिलमध्ये तीन आठवडे नाकसुद्धा वाहिलं नाही. जी जन्मजात बिघाडं असतात ती सहसा अशी तीन आठवड्यांची सुट्टी देत नाहीत. वजनही धीर देणारं आहे. मार्चमध्ये अंगणवाडीत 6 किलो 600, आता 7 किलो 100. मुलगी बारीक आहे, पण कार्डावरची तिची रेघ वरच जाते आहे, आडवी पडलेली नाही. रेघ आडवी झाली असती तर याच पत्राचं उत्तर मी वेगळं लिहिलं असतं.

आता एक्स-रे. वर्षात दोन किंवा एकूण तीन निमोनिया झाले आणि दोहोंच्या मधे छाती साफ झाल्याचं एक्स-रेवर दिसलं, की डॉक्टर त्याला ‘वारंवार निमोनिया’ म्हणतात. त्यानंतरचा पहिला प्रश्न असतो तो जागेचा. दर वेळी एकच जागा की वेगवेगळी? एकाच जागी पुन्हा पुन्हा होत असेल तर त्या नळीतच काहीतरी अडकलंय, किंवा बाहेरून गाठ दाबतेय, किंवा फुप्फुसाचा तो तुकडा जन्मापासून वेगळा आहे. वेगवेगळ्या जागी होत असेल तर दूध-पाणी श्वासात जाणं, हृदयातलं छिद्र, कमी प्रतिकारशक्ती या दिशेने जायचं. हे कळायला जुन्या फिल्म लागतात. तुमच्या दोन फिल्मपैकी एक कोपीवरच्या पेटीतच राहिली असं तुम्ही लिहिलंय. ती मागवून घ्या. कोणाच्या मोबाइलमध्ये फोटो असेल तर तोही चालेल. नुसत्या अहवालावर मात्र जाऊ नका. लहान लेकरांच्या छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी असते. एक्स-रेत ती शिडासारखी एका बाजूला पसरलेली दिसते, आणि घाईत कोणी तिलाच निमोनिया म्हणून मोकळं होतं.

फिल्म का मागतो, ते एका लेकरावरून सांगतो. अकरा महिन्यांचा मुलगा, तिसरा निमोनिया. आई पिशवीतून तीन फिल्म काढते, गादीखाली ठेवून दुमडलेल्या. मी त्या खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. तिन्हींत उजवीकडे, खाली, तोच डाग. आईला विचारलं, कधी ठसका लागून निळा पडला होता का? नाही. वडिलांना विचारलं, नाही. आजी दाराशी बसली होती. तिला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, ‘शेंगा तोडायच्या दिवशी लई खोकलं हुतं, पर मग हसाया लागलं की.’ उन्हाळी भुईमूग काढायला सगळे वावरात होते आणि लेकरू शेंगांच्या ढिगाशेजारी खेळत होतं. श्वासनळीत दुर्बीण घातली आणि अर्धा शेंगदाणा निघाला. एक्स-रेत तो कधीच दिसला नसता, कारण शेंगदाणा, चिंचोका, सुपारी, सीताफळाची बी यातलं काहीच एक्स-रेत दिसत नाही. दिसतो तो त्यामागचा डाग. म्हणून घरात सगळ्यांना विचारा, आत्यांना आधी. तुमची लेक आता रांगते आणि जे सापडेल ते तोंडात घालते. तुमच्या भागात सीताफळं पिकतील तेव्हा ती वर्षाची झालेली असेल.

दुसऱ्या रेघेकडे येतो. ठसका सगळ्याच लेकरांना लागत नाही. कधीमधी लागतो, ते सोडा. पाजताना रोज लागत असेल तर ती खूण आहे. तुम्ही लिहिलंय की अंगावर पिताना काही होत नाही, बोंडल्याने पाजतानाच होतं. म्हणजे गिळण्यात मोठा दोष असण्याची शक्यता कमी आणि पाजण्याच्या पद्धतीवर संशय जास्त. पद्धत मला न बघता माहीत आहे, कारण माझ्या आजीचीही तीच होती. पाय पसरून बसायचं, लेकराला पायांवर आडवं टाकायचं, ते रडायला लागलं की उघड्या तोंडात बोंडलं रिकामं करायचं. तोंड मिटलं तर नाक दाबायचं. रडताना श्वासाची वाट उघडी असते. त्यातले चार थेंब छातीत जातात. चौथ्या महिन्यापासून दिवसातून तीन-चारदा हे झालं, तर छाती साफ राहायची कशी? त्यात अंघोळीनंतर नाकात तेल सोडत असाल तर तेही आजपासून बंद. तेल फुप्फुसात गेलं की महिनोन् महिने निघत नाही आणि त्याचाच एक वेगळा निमोनिया होतो. एरंडेलाचंही तेच. घुटी मधात उगाळून चाटवत असतील तर वर्षाच्या आत मध अजिबात नको, त्याची कारणं वेगळी आणि गंभीर आहेत.

आता तिला मांडीवर उभं बसवा, मान आणि पाठ आपल्या हाताला टेकवून. वाटी-चमचा घ्या. चमचा ओठाला लावा, ती स्वतः ओढेल तेवढंच द्या. रडत असेल तर थांबा. पातळ पाण्यापेक्षा घट्टसर वरण-भात, नाचणीची खीर, कुस्करलेली भाकरी-दूध गिळायला सोपं जातं. दोन आठवडे असं करून बघा आणि ठसका किती वेळा लागला ते वहीत लिहा. उभं बसवून, सावकाश पाजूनही ठसका लागतच राहिला, किंवा अंगावर पितानाही लागू लागला, तर बेरियम पाजून एक्स-रे काढतात ती तपासणी करावी लागेल. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये एखादी बारीक वाट जन्मापासून राहून गेलेली असू शकते. ते क्वचित असतं, पण त्याचा माग अशा ठसक्यावरूनच लागतो.

हे आत्यांना सांगायचं कसं, तो तुमचा प्रश्न मला पत्रात न लिहिताही ऐकू आला. त्यांना चुकीचं ठरवू नका. तुम्ही पहाटे चारला फडात गेलात तेव्हा लेकरू सांभाळलं कोणी? त्यांनीच. या लेकराच्या दिवसाची सगळ्यात पक्की साक्षीदार तीच बाई आहे, आणि डॉक्टरकडे त्यांना घरी ठेवून जाऊ नका. ‘आत्या, कसं पाजता ते डॉक्टरांना दाखवा’ एवढंच म्हणा. डॉक्टरांनी समोर बघून सांगितलेलं सून सांगते त्यापेक्षा लवकर पटतं.

तुमचा तिसरा प्रश्न. तोडीला गेलात म्हणून झालं का? कोपीत चूल आत, दार एकच, सरपण पाचटाचं, आणि थंडीत लेकराला चुलीजवळ निजवायचं. वर संध्याकाळी ओवा-लसणाच्या सालींची धुरी. धुराने लेकराच्या नळ्या सुजतात आणि विषाणूला आयती वाट मिळते, ही ठाम गोष्ट आहे. दोन्ही वेळा भरती करावं लागलं ते कोपीवरच, हेही खरं. पण तुम्ही हौसेने गेला नव्हता. पोटासाठी जावं लागलं, आणि तिथेही लेकरू अंगावर पीत राहिलं ते तुमच्यामुळे. दोष कोणाचा हे शोधत बसण्यापेक्षा आता हातात काय आहे ते बघू. गावच्या घरी गॅस आहे, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी तुऱ्हाटीवर होतं असं लिहिलंय. चूल अंगणात न्या. धुरी बंद, डासांची कॉइल बंद, मच्छरदाणी लावा. बिडी घराबाहेर, आणि ओढून आल्यावर लेकराला लगेच उचलायचं नाही. पुढच्या हंगामाचं काय करायचं ते दिवाळीपर्यंत ठरवता येईल. तेव्हा ती सव्वा वर्षाची असेल आणि आजीजवळ गावी राहू शकेल का, हे घरात बसून बोलायचं आहे.

तिसरी रेघ मामांच्या खोकल्याखाली. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला बिडीचा आहे की टीबीचा, हे कोणीही नुसतं ऐकून सांगू शकत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेडक्याची तपासणी फुकट होते. ती याच आठवड्यात करा. तिच्यासाठी पुढे जे काही करायचं ते यावर अवलंबून आहे. लहान लेकरं बेडका काढत नाहीत, गिळून टाकतात. त्यामुळे त्यांचा टीबी शोधायला हातावरची मॉन्टू टेस्ट, एक्स-रे आणि सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेलं पोटातलं पाणी लागतं. घरात कोणाला टीबी निघाला तर लेकरू ठणठणीत दिसलं तरी त्याची तपासणी होते, आणि टीबी नसेल तर होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या जातात. मामांना सांगताना टीबीचं नाव आधी काढू नका, ‘नातीसाठी एकदा बेडका देऊन या’ म्हणा. नातीसाठी माणूस कुठेही जातो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, कदाचित घरात कोणी विचारलीच नसेल. तुमचं लग्न आत्याघरी झालं. आपल्या मराठवाड्यात हे सर्रास आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नात्यातल्या लग्नात काही आजार दोन्हीकडून एकत्र येऊन लेकराला मिळण्याची शक्यता वाढते. म्हणून विचारा: आत्यांची किंवा तुमच्या आजीची लहानपणी गेलेली लेकरं होती का? किती महिन्यांची, कशाने? ‘छाती भरून गेलं’ असं दोन लेकरांबद्दल निघालं तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. जोडीला या गोष्टी बघा: तोंडात पांढरा थर सारखा येणं, कानातून पू, न थांबणारे जुलाब, बीसीजीची जागा चिघळत राहणं. यात प्रतिकारशक्ती बघावी लागते, आणि तिची पहिली तपासणी सीबीसी या साध्या रक्ततपासणीतच असते. या वयात लिम्फोसाइट पेशी भरपूर असायला हव्यात. त्यांचा एकूण आकडा 3,000 च्या खाली असेल तर डॉक्टर थांबून विचार करतात. लेकराचा पापा घेतल्यावर कातडी खारट लागते, शी तेलकट आणि फार घाण वासाची होते, वजन चढत नाही, तर घामातलं मीठ मोजायची तपासणी असते. ती मोजक्याच ठिकाणी होते. दूध ओढताना कपाळावर घाम, दोन घोट घेऊन दम खाणं, ही हृदयाची खूण. त्यासाठी 2डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. यातलं तुमच्या पत्रात मला काही दिसलं नाही, पण न लिहिणं म्हणजे नसणं नव्हे.

म्हणून जाताना एक वही न्या. शंभर पानी, साधी. प्रत्येक आजारपणाला एक पान: कधी सुरू झालं, ताप किती दिवस, शिट्टी वाजत होती का, ऑक्सिजन लागला का, कोणती औषधं, खोकला पूर्ण कधी थांबला. पाठीमागच्या पानांवर मधले दिवस. छाती वाजत असताना झबलं वर करून मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लेकरू नेमकं शांत होतं, हा सगळ्या आयांचा अनुभव आहे.

कुठे जायचं? तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, लातूरही आहे. बालरोग विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवा. पहिल्या भेटीत वजन-उंची, बोटाला लावून ऑक्सिजन, हृदयाचे ठोके, सीबीसी, एचआयव्ही, जुन्या फिल्म, आणि मामांच्या बेडक्याप्रमाणे मॉन्टू. बहुतेक लेकरांचं काम यातच होतं. नवा एक्स-रे आता नको. फुप्फुसावरचा डाग पुसायला चार ते सहा आठवडे लागतात. जूनमध्ये, मृगाच्या तोंडावर काढा. तो साफ निघाला, वजन चढत राहिलं, ठसका थांबला, तर सीटीचा विषय तिथेच संपतो. साफ नसेल आणि जुनाच डाग त्याच जागी असेल, तर इको, बेरियम, दुर्बीण, सीटी यातलं काय ते डॉक्टर ठरवतील आणि संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात किंवा पुढे पाठवतील. तेव्हा पुणं वाया जाणार नाही. उचल घ्यायच्या आधी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना गाठा. हृदयाचं किंवा दुसरं जन्मजात काही निघालं तर पुढच्या उपचाराची सोय तिथून होते. रेशन कार्डावर महात्मा फुले योजनेत काय बसतं, तेही दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

उरलेलं भराभर. दूध बंद करू नका. आईचं दूध थंड पडून छाती भरत नाही, उलट त्यानेच ती सावरते. बिब्ब्याचा डाग नको. कातडी जळते, त्यात पू होतो, श्वासाला काही फरक पडत नाही. उकळत्या पाण्याची वाफ नको, त्याने भाजलेली लेकरं मी बघितली आहेत. दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषध दोन वर्षांच्या आत नकोच. 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे भेसळीच्या सिरपने लेकरं दगावली ते तुम्ही ऐकलं असेल. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब. ‘पंप’ (दम्याचा इनहेलर) म्हटल्यावर घाबरू नका आणि लगेच घेऊही नका. दमा आहे की नाही हे या वयात शिक्का मारून सांगता येत नाही. पंप दिला तर लहान मास्क आणि नळी लावून, ठरलेल्या दिवसांपुरता, आणि फरक पडला की नाही ते वहीत. पडला नाही तर तो बंद करायचा हेही डॉक्टरांशी बोलून घ्या.

एक गोष्ट आजच शिका: श्वास मोजणं. लेकरू शांत असताना किंवा झोपेत, पोटाकडे बघत, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक वर्षानंतर 40. तेवढे किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी डॉक्टर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच माणसांना हे शिकवून निमोनियाने जाणारी लेकरं वाचवली. ते काम 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. अंक न येणाऱ्या सुईणींसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधनही केलं होतं. तुमच्या मोबाइलमध्ये तर घड्याळ आहेच. आणि बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळे पडत असतील, अंगावर ओढत नसेल, झटका आला किंवा हलवूनही डोळे उघडत नसेल, तर मोजत बसायचं नाही. 108 ला फोन करायचा, रात्र असली तरी.

राहिलं लसींचं. साडेतीन महिन्यांचे डोस चुकले असं लिहिलंय, तेव्हा तुम्ही कोपीवर होता. त्यात पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकल या दोन्ही लसी होत्या, आणि निमोनियाच्या दोन मोठ्या जंतूंपासून त्याच वाचवतात. अजून उशीर झालेला नाही. कार्ड घेऊन उपकेंद्रात जा, सिस्टर अंतर बघून देतील. फक्त नऊ महिन्यांची गोवर-रुबेला लस आणि मॉन्टू यांचा मेळ घाला. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण लस आधी टोचली तर पुढचे चार-सहा आठवडे मॉन्टू खोटी ‘नाही’ म्हणू शकते. डॉक्टरांना हे आधीच सांगा. आणि मॉन्टू टोचल्यावर 48 ते 72 तासांत ती वाचावी लागते. गुरुवारी टोचून घेतली तर वाचायचा दिवस शनिवार-रविवारात सापडतो आणि सगळं पहिल्यापासून. म्हणून सोमवारी जा, गुरुवारी सकाळी वाचायला पुन्हा. दोन्ही चकरांना आत्या बरोबर पाहिजेत.